इन्स्टंट नूडल्स कारखान्यात कशा बनतात? त्यांना मेण लावतात हे खरं आहे का?

मेण लावत नाहीत. सिन्नर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सहा वर्षं नूडल्सच्या लाइनवर काढली आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

मैदा, पाणी, मीठ आणि पापडखाराच्या जातीचे थोडे क्षार एवढंच पीठ. क्षारांमुळे पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. मिक्सरमधून पीठ भुरभुरीतच निघतं. रोलरच्या एकामागून एक जोड्यांतून जाताना त्याची लादी सुमारे 1 मिलिमीटर पातळ होते आणि दातेरी रोलर तिच्या शेवया कापतात.

नूडल्सचा कुरळेपणा साच्यातून येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर शेवया ज्या वेगाने कापल्या जातात, त्याहून खालचा पट्टा सावकाश चालतो. नाशिकच्या द्वारका सर्कलला मागून गाड्या येतच राहतात आणि पुढच्या हलत नाहीत, तशी गत. पुढे जागा नसली की शेवया आपसूक वळ्या घेतात.

मग 100 अंशांच्या वाफेत 1 ते 5 मिनिटं. इथेच त्या शिजतात. तुमच्या घरी कच्च्या येतच नाहीत. त्यानंतर तुकडे करून, जाळीच्या साच्यात घालून 140 ते 160 अंशांच्या पाम तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि बारीक छिद्रं राहतात. घरी उकळतं पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं, म्हणून त्या इतक्या लवकर मऊ होतात. जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी 1958 साली बाजारात आणलेली युक्ती हीच.

माझी आई कुरडयांचा चीक शिजवून गच्चीवर घालते, तेव्हा चैत्रातलं ऊन दोन दिवसांत जे करतं ते इथे तेल मिनिटात करतं. तळणीतून निघालेली वडी मी दर अर्ध्या तासाने मधोमध मोडून बघायचो. कडकन तुटली तर ठीक. मध्ये जराही लवचीक लागली तर ओल राहिली आहे, तो माल पुढे सोडायचा नाही.

मेणाचा समज बहुधा तेलामुळेच झाला असावा. 100 ग्रॅम वडीत साधारण 15 ते 20 ग्रॅम तेल असतं. डिसेंबरच्या थंडीत ते थिजून बोटांना मेणचट लागतं, आणि उकळल्यावर पाण्यावर तवंग येतो तोही त्याचाच. एवढं तेल नको असेल तर न तळलेल्या, गरम हवेवर सुकवलेल्या नूडल्सही मिळतात. त्यांना सुकायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि घरी शिजायलाही थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.