तीन लाखांचा हप्ता राहू द्या, आधी मुलाकडून लॉगिन काढून घ्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचे पत्र आहे. मुलगी २४ वर्षांची, ४०० मीटर अडथळा शर्यतीत भारताकडून धावते. रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी, वर ‘टॉप्स’ या केंद्र सरकारच्या खेळाडू योजनेचा भत्ता महिना ५० हजार. राज्य सरकारच्या बक्षिसाचे ३० लाख नुकतेच जमा झालेत. विमा एजंट असलेले मामा म्हणतात, वर्षाला ३ लाख असे १० वर्षे भरा, विसाव्या वर्षी ६० लाख ‘गॅरंटीड’. घ्यावी का पॉलिसी?

नको. ३० चे ६० म्हणजे दामदुप्पट वाटते, पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो. परतावा पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. पोस्टात याहून बरे व्याज मिळते. उद्या मांडीमागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) फाटला आणि पैसे लागले, तर पॉलिसी मध्येच मोडण्याचा (सरेंडरचा) तोटा मामा भरून देणार नाहीत.

मला धडकी भरली ती पत्राच्या शेवटच्या ओळींनी. ‘तिचे ठावठिकाण्याचे ॲप धाकटा मुलगा भरतो. यंदा नाडाच्या दोन नोटिसा आल्या, पण सॅम्पल कधी फेल नाही, त्यामुळे काळजी नाही.’

अहो, काळजी तिथेच आहे! नाडा म्हणजे देशाची उत्तेजकविरोधी संस्था. अचानक चाचणीसाठी तिने यादीत घेतलेल्या खेळाडूला रोज रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता आणि कुठे सापडेन असा एक तास कळवावा लागतो. तुमचा मुलगा तीन महिन्यांचे एकदम भरून टाकतो, सकाळी ६ ते ७, पत्ता घरचा. पोरगी पतियाळाच्या शिबिरात आणि तपासनीस तुमच्या दारात. दुसऱ्यांदा ती चुलत बहिणीच्या लग्नाला. १२ महिन्यांत अशा तीन चुका झाल्या की सॅम्पल स्वच्छ असले तरी उत्तेजकविरोधी नियमांचा भंग धरतात, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत बंदी. २०१९ चा १०० मीटरचा जगज्जेता ख्रिश्चन कोलमन याच कारणाने टोकियो ऑलिंपिकला मुकला. घराजवळच खरेदीला गेलो होतो, असे त्याचे म्हणणे होते. सॅम्पल त्याचेही फेल नव्हते.

आता हिशेब. ३० लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाख सुटतात. बंदी आली तर नुसत्या भत्त्याचे वर्षाला ६ लाख जातील. नोकरी टिकली असे धरू. तरी दोन वर्षांत एक आशियाई स्पर्धा किंवा एक ऑलिंपिक हुकणारच, म्हणजे पुढचे बक्षीसही. ‘जाहिरातीही मिळतील’ असे तुम्ही लिहिलेय. त्या नीरज चोप्राला मिळतात. तुमच्या गणितात तिथे शून्य लिहा.

माहिती दुसऱ्याने भरलेली चालते, पण चूक तिच्याच नावावर लागते. म्हणून ॲप तिच्याच फोनवर हवे आणि बेत बदलला की तिनेच त्याच क्षणी पत्ता बदलावा. पहिल्या चुकीची तारीख शोधून तिला सांगा. तिथून १२ महिने पुरे होईपर्यंत तिसरी चूक परवडणार नाही. नोटिसांना मुदतीत उत्तर दिले होते का, तेही बघा.

पैशाचे सोपे आहे. ते तिच्याच खात्यात राहू द्या. वर्षाच्या खर्चाइतके आणि थोडे जास्त, असे ८ लाख एफडीत. बाकीचे दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने, निम्मे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), निम्मे पोस्टात. अपघात विमा घ्याच, पण आधी अटी वाचा. बऱ्याच पॉलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते. मामांच्या फॉर्मवर सही झालीच असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. अर्ज थेट कंपनीच्या शाखेत द्या, मामांच्या हाती नको.