फरशीला स्लेटचा दगड घेतोयस? आधी खिशात लिंबू घेऊन जा
अरे, दुकानात "काळी स्लेट" म्हणून दाखवतात ना, तो बऱ्याचदा कडप्पाच असतो. कडप्पा वाईट नाही, आपल्या आईच्या ओट्यावर तोच होता, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की पांढरट डाग पडलाच. म्हणून सॅम्पलवर लिंबू पिळायचं आणि अर्ध्या तासानं पुसून बघायचं, चांगली स्लेट ढिम्म राहते.

दुसरं म्हणजे बोटाच्या पेरानं ठोकून बघ, टणकन वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत समज. स्लेट मुळात चिखलाचा दगड, जमिनीखाली दाबून-तापून घट्ट झालेला, म्हणून ती पापुद्र्यासारखी थरांत फुटते आणि म्हणूनच तिकडे हिमाचलात कांगडा-चंब्याला घरांची छपरं तिचीच असायची. आपली शाळेतली पाटी आठव, तीच ती.

बाथरूमला नैसर्गिक खडबडीत फिनिशच घे, ओल्या पायाला ग्रिप मिळते, पॉलिशच्या नादी लागू नकोस. फरशा कमी-जास्त जाडीच्या येतात, मिस्त्री कुरकुर करेल, करू दे, पण मागे अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण भरून घे, नुसते चार गोळे ठेवून चिकटवू देऊ नकोस. आणि ग्राउटिंगच्या, म्हणजे फरशांमधल्या फटी सिमेंटनं भरायच्या, आधी सीलर मार, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप. मी आळस केला होता, सिमेंटचा तो करडा थर त्या खाचांमधून काढता काढता दोन रविवार गेले, बायको अजून टोमणे मारते.