लिफ्ट केलेल्या जिप्सीचं अलाइनमेंट घरी

मित्रा, जिप्सी लिफ्ट केली (सस्पेन्शनने उंच केली), आता चाकांचं अलाइनमेंट घरी कसं करायचं, म्हणून घाबरू नकोस. जिप्सीला पुढे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) आहे, त्यामुळे घरी फक्त टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत, तेवढंच बघायचं. कॅस्टरचं (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) नंतर.

आधी टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) टोकं, म्हणजे टाय रॉड एंड, हलवून बघ. ढिले असतील तर मापं घेणं फुकट.

पुढचे दोन्ही टायर जॅकवर फिरवून मधोमध खडूची रेघ मार, गाडी खाली उतरव, चार पावलं पुढे ढकल. नवशिके हेच विसरतात, मीही विसरलो होतो! मग अॅक्सलच्या उंचीवर टेप लाव: दोन्ही रेघांमधलं टायरच्या पुढच्या बाजूचं अंतर मागच्या बाजूपेक्षा 2 ते 4 मिमी कमी हवं. लॉकनट (टाय रॉड जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून टाय रॉड फिरव, पुन्हा ढकल, पुन्हा मोज.

स्टिअरिंग वाकडं राहिलं? ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) सरळ कर, टाय रॉडला हात लावू नकोस. लॉकनट घट्ट केल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस.