राजवाड्यातली हसरी फुलं

प्रश्न : सर, माझी मुलगी धुळ्याला चित्रकला शिकते. तिने मोबाइलवर फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचे फोटो दाखवले. सोनेरी नक्षीच्या दालनांत एका जपानी कलाकाराची खदाखदा हसणारी फुलं आणि कार्टूनसारखे पुतळे! सासूबाई म्हणाल्या, "हाई काय शे?" आता ती आणि तिच्या मैत्रिणी आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात असंच काही मांडायचं म्हणताहेत. हा वास्तूचा अपमान नाही का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, ते कलाकार ताकाशी मुराकामी. 2010 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर त्यांचं प्रदर्शन तिथे होतं. सासूबाईंना जे वाटलं तेच फ्रान्समध्येही पुष्कळांना वाटलं, विरोधात सह्या गोळा झाल्या. मला मात्र त्यात अपमान दिसत नाही.

मुराकामींचं शिक्षण निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रशैलीचं, डॉक्टरेटही त्यातलीच. सोन्याचा वर्ख त्यांना परका नाही. शिवाय मांडलेल्या 22 कामांपैकी 11 त्यांनी खास व्हर्सायसाठी केली. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथला आरसेमहाल 73 मीटर लांब, 357 आरशांचा. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने तो बांधला तोच बघणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून, आणि छतावर रंगवून घेतले ते स्वतःचे पराक्रम. तिथे हसऱ्या फुलांचा तो भलामोठा गोळा, 'फ्लॉवर मॅटँगो', वेली पसरून उभा राहतो आणि आरशाआरशांत फुलतो. हर्क्युलिस दालनात तर 1736 मध्ये पूर्ण झालेलं चित्रकार लमोआनचं छत देवादिकांनी गच्च भरलंय, खाली सुमारे सात मीटर उंचीचा, अनेक हातांचा 'तोंगारी-कुन' हा पुतळा. वर एका मुलखाची दैवतं, खाली दुसऱ्या मुलखातून आलेलं एक. बागेतला सोनेरी 'ओव्हल बुद्ध' मला या सगळ्यांत जास्त आवडतो. त्याला पुढे एक चेहरा, मागे दुसरा.

सगळंच जमलंय असं नाही. वेट्रेसच्या वेशातल्या तरुणीचा 'मिस को' हा पुतळा, ती 1997 ची. ती कुठेही ठेवली तरी तशीच दिसेल, त्या दालनाशी तिचं काही नातं जुळत नाही.

तुमच्या वाड्यालाही मी हाच निकष लावीन. मुलींना म्हणा, आधी चौक मोजा, ऊन केव्हा कुठल्या खांबावर येतं ते बघा, खांबावरची नक्षी वहीत उतरवून घ्या. मग काय मांडायचं ते ठरवा. दुसरीकडे केलेलं आणून ठेवायचं असेल तर नको. सागवानी खांबांना खिळा नाही, चिकटपट्टी नाही, मातीच्या भिंतींना रंग नाही. पुतळे स्वतःच्या बैठकीवर उभे राहणारे हवेत. व्हर्सायचं प्रदर्शनही मुदत संपल्यावर उचललं गेलं, भिंती जशाच्या तशा राहिल्या. श्रावणात कानबाई देवी कुठे बसते हे सासूबाईंना विचारून ती जागा मोकळी ठेवा. आणि पुतळे घडवायच्या आधी दिंडी दरवाज्याची रुंदी मोजा, नाहीतर सुट्या भागांत करा, आत आणून जोडता येतील असे.