लिहिता लिहिता : शंभर शब्दांची स्पर्धा

प्रश्न : ताई, मी बार्शीतल्या एका पतसंस्थेत काम करते. कॉलेजात असताना भित्तिपत्रकात लिहायचे, त्यानंतर खातेवह्या सोडून काही लिहिलेलं नाही. आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शतशब्दकथांची, म्हणजे शशकांची, स्पर्धा आहे. विषय 'पावती'. शीर्षक सोडून बरोबर १०० शब्द. कथा नाव न घालता टाकायच्या, सगळ्यांनी वाचून मत द्यायचं, पहिल्याला एक पुस्तक. सगळं आपापसातलंच आहे, तरी छातीत धडधडतं. मी लिहिलेली कथा १६८ शब्दांची झाली आहे. कुठेही हात लावला की ती मोडेल असं वाटतं. मैत्रीण म्हणते, शेवटी धक्का नसेल तर ती शशक कसली? म्हणून धक्का ठेवला आहे. कथा सोबत पाठवते. भाग घेऊ का? आणि ६८ शब्द कुठून काढू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : भाग घ्याच. विषय 'पावती' असताना पतसंस्थेच्या खिडकीवर बसणारीच बाहेर राहिली, तर मला खरंच वाईट वाटेल.

धडधडीबद्दल आधी. शंभर शब्दांचा हा प्रकार जन्मला तोच खेळ म्हणून. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी एकमेकांना आव्हान देत अशा कथा लिहिल्या, त्यांना ते 'ड्रॅबल' म्हणत. थोडक्यात कथा सांगणं मराठीला नवं नाही, वि. स. खांडेकरांच्या रूपककथा आपण शाळेत वाचल्यात. पण बरोबर शंभर, एकही कमी-जास्त नाही, ही अट खेळकर लोकांची आहे. तेव्हा खेळायला उतरताय, परीक्षेला बसत नाही आहात.

आता कथा. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आबा नावाचे वृद्ध गृहस्थ दर महिन्याला मुलाच्या, संतोषच्या नावावर आवर्त ठेवीचे ५०० रुपये भरायला येतात. खिडकीतली बाई पैसे घेते, पावती देते. आबा ती घडी करून टोपीत ठेवतात. शेवटचं वाक्य : 'संतोषला जाऊन आज दोन वर्षे झाली होती.'

सोपं काम आधी उरकू. तुमची सुरुवात अशी आहे :

'सकाळचे दहा वाजले होते. बाहेर ऊन चांगलेच तापू लागले होते. पतसंस्थेत नेहमीसारखी गर्दी होती. तेवढ्यात नेहमीप्रमाणे काठी टेकत टेकत आबा आत आले आणि हळूहळू चालत माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.'

हे ३० शब्द आहेत. यातून वाचकाच्या हाती काय लागतं? 'आबा काठी टेकत खिडकीपाशी आले.' पाच शब्द. काठी टेकत येणारा माणूस हळूच येणार. खिडकीपाशी आला म्हणजे आत आलाच. ऊन आणि गर्दी पुढे कथेत कुठेच उपयोगी पडत नाहीत. २५ शब्द वाचले आणि कथा मोडली नाही, उलट आबा पहिल्याच शब्दाला समोर उभे राहिले.

पुढे मध्यावर आहे : 'माझे डोळे पाणावले. घशाशी आवंढा आला. मन सुन्न झाले.' ही नऊच्या नऊ शब्दांची तिन्ही वाक्यं काढा. कसं वाटून घ्यायचं हे वाचकाला सांगणारी ही वाक्यं आहेत, आणि सांगितलं की त्याला तसं वाटत नाही. ३४ शब्द गेले, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेले बरेचसे 'म्हणाले', 'म्हटले' आणि 'नेहमीप्रमाणे' यांतून निघतील. खिडकीच्या दोन बाजूंना दोनच माणसं आहेत, कोण बोलतंय ते न सांगताही कळतं.

'आबांनी पावतीची घडी करून ती टोपीत ठेवली' हे वाक्य मात्र कुणीही सांगितलं तरी काढू नका. कथेतलं सगळ्यात जिवंत वाक्य तेच आहे. ते तुम्ही पाहिलेलं आहे हे वाचताना समजतं.

शब्द मोजताना एक जपा. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहितात. 'खिडकीपाशी' हा एक शब्द आहे, पण फोनवर लिहिताना 'खिडकी पाशी' असं सुटं पडलं की मोजणारं ॲप दोन धरतं. 'हळू हळू' आणि 'हळूहळू' यांचं तसंच. दोन बाजूंना जागा सोडून टाकलेली आडवी रेघसुद्धा बऱ्याच ठिकाणी शब्द म्हणून मोजली जाते. म्हणून आधी शुद्धलेखन नीट करा, मग मोजा. पाच-सहा शब्द तिथेच कमी होतात. उलट्या बाजूने, आकडा बसवायला 'घेऊनठेवली' असं काही जोडून टाकू नका. मराठीत दोन शब्दांचं काम एका शब्दात करणारी प्रत्यय लावलेली रूपं भरपूर आहेत. 'टोपीच्या आतमध्ये' ऐवजी 'टोपीत' लिहिता येतं. ती सोय पुरेपूर वापरा.

आता धक्का. इथे मी तुमच्या मैत्रिणीशी सहमत नाही, आणि या मुद्द्यावर थोडी थांबणार आहे, कारण मराठी शशक आणि अलकांचं (अलक म्हणजे अति लघु कथा) सगळ्यात जास्त नुकसान याने झालंय असं माझं मत आहे. परीक्षक म्हणून कथांचा गठ्ठा हातात आला की शेवटच्या ओळीत कुणी ना कुणी मेलेलं असतं. चौथ्या-पाचव्या कथेनंतर वाचक पहिल्या ओळीपासून मृतदेह शोधू लागतो. मग त्याचं लक्ष माणसांकडे राहत नाही.

तुमच्या कथेत अडचण आणखी वेगळी आहे. संतोष गेलाय हे खिडकीतल्या बाईला पहिल्यापासून माहीत आहे. कथा तीच सांगतेय. मग तिने ते आपल्यापासून लपवलं का? फक्त शेवटी दचकवायला. वाचकाला हे जाणवतं आणि तो तिच्यापासून दूर जातो. जी गोष्ट सांगणाऱ्या पात्राला ठाऊक आहे आणि लपवण्याचं त्याला काही कारण नाही, ती लपवू नये.

बाळाच्या बुटांची ती सहा शब्दांची जाहिरात सगळ्यांच्या फोनवर येऊन गेली असेल : 'विकणे आहे : बाळाचे बूट, न वापरलेले.' ती अमेरिकन लेखक हेमिंग्वेची म्हणून सांगतात. त्याने ती लिहिल्याचा पुरावा नाही, तशा धर्तीचा मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकन वर्तमानपत्रांत येऊन गेला होता. पण ती नीट पाहा. तिच्यात काहीच लपवलेलं नाही. जे आहे ते सगळं मांडलंय, आणि उरलेलं आपण स्वतः जोडतो.

तेव्हा एक करून पाहा. शेवटचं वाक्य उचला आणि सुरुवातीला ठेवा : 'संतोषला जाऊन दोन वर्षं झाली, तरी आबा त्याच्या ठेवीचे पैसे भरायला येतात.' आता धक्का संपला. मग उरलं काय?

माझ्या मते इथून पुढे तुमची खरी कथा सुरू होते. तुमच्या आत्ताच्या मसुद्यात एक वाक्य आहे, 'मी पैसे घेतले आणि पावती दिली.' तुम्ही ते घाईत ओलांडलंय. ताई, कुठल्या खात्याची पावती? खातेदार गेला की वारसाला रक्कम देऊन ठेव बंद होते, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मग त्या कागदावर ती बाई नाव कुणाचं लिहिते? पैसे कुठे जमा करते? आबांच्या बचत खात्यात? की ड्रॉवरमध्ये वेगळ्या पाकिटात? दुपारी रोख जुळवताना ५०० रुपये जास्त निघाले तर काय सांगते? शाखाधिकाऱ्याला ठाऊक आहे का? आणि आबांना, आबांना खरं काय ते ठाऊक आहे का?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्या शंभर शब्दांत आलं तरी पुरे. कोणतं, ते मी सांगणार नाही. ते खिडकीवर बसणाऱ्या बाईलाच कळेल. ग्रुपवर विजेच्या बिलाच्या पावत्या येतील, दवाखान्याच्या येतील, देणगीच्या येतील. पण मेलेल्या माणसाच्या नावाची पावती फाडताना हात कुठे अडतो, हे लिहू शकणारं त्या ग्रुपवर दुसरं कुणी नसेल.

लिहून झालं की ग्रुपमध्ये नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या आणि 'आवडली का?' असं विचारू नका. 'काय घडलं ते सांग' म्हणा. तिने सांगितलेलं तुमच्या मनातल्याशी जुळलं, तर कथा पाठवा.

प्रश्न : आम्ही जुने वर्गमित्र दरवर्षी ऑनलाइन लघुत्तम कथांची स्पर्धा घेतो. गेल्या वर्षी लोकप्रिय मंडळींनाच मतं पडली, त्यावरून कुरबुर झाली, दोघं ग्रुप सोडून गेले. यंदा संयोजन माझ्या गळ्यात आहे. मैत्रीची स्पर्धा मैत्रीचीच राहावी म्हणून काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गेलेल्या दोघांना आधी फोन करा, मेसेज नको. नियमांचं नंतर बघू.

आता नियम. कथा ग्रुपवर एकेक करून येऊ देऊ नका. पहिल्या दिवशीच्या कथेला तीस प्रतिसाद आणि शेवटच्या रात्री आलेलीला दोन, असंच होतं, आणि मतंही त्याच उतारावरून घरंगळतात. सगळ्या कथा स्पर्धेत नसलेल्या एखाद्याकडे, समजा कुणाच्या मुलीकडे, जमा करा. तिने नावं काढून, क्रमांक घालून, सगळ्या एकाच फाइलमध्ये एकदम टाकाव्यात. मतदानाला व्हॉट्सॲपचा पोल वापरू नका, त्यात कुणी कुणाला मत दिलं ते सहसा दिसतं. गुगल फॉर्म करा, ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. प्रत्येकाला एक नाही, तीन मतं द्या, त्यातलं एकही स्वतःच्या कथेला नको. एकच मत असलं की ते मित्राला जातं. तीन असली की दुसरं-तिसरं मत मनापासून आवडलेल्या कथेला मिळतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

पण मतांपेक्षा माझा भर प्रतिसादांवर आहे. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला तीन कथा वाटून द्या, आणि त्या प्रत्येकीवर त्याने दोन-तीन वाक्यं लिहायचीच. 'अप्रतिम', 'भावस्पर्शी', 'लिहीत राहा' एवढ्यावर सुटका नाही. मी कुठे थांबलो, काय समजलो, कुठला शब्द खटकला, हे सांगायचं. लिहिणाऱ्याला याचं मोल बक्षिसापेक्षा जास्त असतं. नोकरी-संसार सांभाळून रात्री लिहिणाऱ्या माणसाचा मजकूर शब्दन् शब्द लक्ष देऊन वाचणारे किती जण भेटतात? ज्याच्या कथेला एकही मत पडलं नाही, त्याच्याकडेही मन लावून लिहिलेले तीन प्रतिसाद असतील, तर तो पुढच्या वर्षी नक्की येईल. ही अट मात्र आधीच जाहीर करा. प्रतिसाद न लिहिणाऱ्याची कथा मतदानात धरली जाणार नाही, असं स्पष्ट सांगा. मित्र आहेत म्हणून इथे सूट देऊ नका.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका स्पर्धेसाठी लिहिलेली माझी अलक माझं नाव काढून सगळीकडे फिरतेय. एका काकांनी तर खाली स्वतःचं नाव घातलंय. नोंदणी केलेली नव्हती, म्हणजे माझा हक्क गेला का? हीच कथा दिवाळी अंकाला पाठवली तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात गेलेला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहिला गेला की त्याचा हक्क लेखकाकडे आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. आपलं लेखन आपल्या नावाने ओळखलं जावं, हा हक्कही त्याच कायद्याच्या कलम ५७मध्ये वेगळा दिलेला आहे. हे संरक्षण तुझ्या शब्दांना आहे, कल्पनेला नाही. तोच विषय घेऊन कुणी वेगळी कथा लिहिली तर तक्रार करता येत नाही.

त्या काकांना खासगीत, नम्रपणे पण स्पष्ट लिही. मूळ पोस्टचा तारखेसह स्क्रीनशॉट जोड आणि दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाकायला सांग. बरेच जण खरंच अजाणतेपणी फॉरवर्ड करतात आणि सांगितल्यावर दुरुस्त करतात. यापुढे नाव कथेखाली वेगळ्या ओळीत लिहू नकोस, कारण ती ओळ सहज पुसली जाते. शीर्षकाच्याच ओळीत, शीर्षकाला लागून लिही. आणि पाठवण्याआधी मजकूर स्वतःलाच ईमेल करून ठेव, म्हणजे तारखेचा प्रश्न उरत नाही.

दिवाळी अंकांचं म्हणशील तर बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात. बंद ग्रुपमधल्या स्पर्धेत वाचली गेलेली कथा प्रकाशित धरायची का, यावर संपादकांची मतं वेगवेगळी असतात. तुझी तर आता सगळीकडे फिरलीय. तेव्हा ती पाठवायची असेल तर सोबतच्या पत्रात हे सगळं लिहून टाक, निर्णय त्यांना घेऊ दे. मला विचारशील तर तिच्याऐवजी नवी लिही. अंकांचं साहित्य मागवणं उन्हाळ्यातच सुरू होतं, तेव्हा परीक्षा संपल्या संपल्या बस.