नवरा वाईट नाहीये, पण हे लग्न मला नकोय

प्रश्न : ताई, माझं वय 38, लग्नाला 11 वर्षं झाली, मूलबाळ नाही. नवऱ्याला व्यसन नाही, तो हात उचलत नाही, बाहेर कुठे लफडं नाही. पण आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं, एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं. मी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या, तो उत्तरही देत नसे. शेवटी 4 वर्षांपूर्वी मी कोल्हापूरहून नाशिकला माहेरी आले, नोकरी करते. तो म्हणतो, डिव्होर्स देणार नाही, समाजात नाक कापलं जाईल. एक वकील म्हणाले, मारहाणीची केस टाका, सासूचंही नाव घाला, आपोआप सही करेल. मला ते पटत नाहीये. कुणाला दोष न देता घटस्फोट मिळतच नाही का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला ते पटलं नाही हे वाचून फार बरं वाटलं. तिथेच ठाम रहा. म्हाताऱ्या बाईला न केलेल्या गुन्ह्यासाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायला लावणं चूकच, शिवाय जोडीदारावर खोटी फौजदारी तक्रार करणं ही सुप्रीम कोर्टाने मानसिक क्रूरता धरलीय, म्हणजे घटस्फोट त्याला मिळायचा आणि डाग तुमच्यावर.

आता सरळ सांगते (तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून). एकट्याच्या इच्छेवर, दोष न दाखवता फॅमिली कोर्ट घटस्फोट देत नाही. 1955 च्या या कायद्याच्या कलम 13 मध्ये कारणं ठरलेली आहेत, व्यभिचार, क्रूरता, सलग 2 वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, 7 वर्षं ठावठिकाणा नसणं वगैरे, आणि 'आमच्यात काही उरलंच नाही' हे त्यात कुठेच नाही. कायद्यात बदल सुचवणाऱ्या लॉ कमिशनने 1978 मध्ये हे कारण घाला म्हणून सांगितलं, 2009 मध्ये परत सांगितलं, 2013 मध्ये बिल राज्यसभेत पासही झालं पण लोकसभेत राहिलं ते राहिलंच. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून एकट्याने 'लग्न मोडलंय' एवढं लिहून दिलं तरी चालतं. आपल्याकडे माणसांना एकमेकांवर चिखल उडवायला कायदाच भाग पाडतो, याचा मला खरंच संताप येतो.

1 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने म्हटलं की लग्न पूर्ण मोडलेलं असेल तर एकाची संमती नसली तरी ते राज्यघटनेच्या कलम 142 खाली घटस्फोट देऊ शकतात. पण ते फक्त सुप्रीम कोर्ट, आणि तो तुमचा हक्क नाही, त्यामुळे त्या आशेवर बसू नका.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घर तुम्ही सोडलंय, म्हणून 'सोडून गेली' हे कारण तो तुमच्याविरुद्ध वापरू शकतो, तुम्हाला ते सहज मिळणार नाही. तुमच्याकडे उरते क्रूरता, आणि ती म्हणजे मारहाणच असं नाही. वर्षानुवर्षं जोडीदाराकडे ढुंकून न बघणं, खूप लांबलेला दुरावा, हीसुद्धा मानसिक क्रूरता ठरू शकते असं सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये म्हटलंय. म्हणजे खरं तेच लिहायचं, तुमच्या विनवण्या, त्याचं गप्प राहणं, तारखा, मेसेज, शेजारीपाजारी काय बघत होते ते. निकालाची खात्री मी देणार नाही, वेळही लागेल. केस नाशिकलाच टाकता येते, बायको राहते तिथे टाकायची सोय 2003 पासून आहे. आणि बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, दुसरा वकील तिथूनच मागा.

पण त्याआधी परस्पर संमतीचा एक प्रयत्न अजून करा, कलम 13 ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमची 4 झालीत. अर्जानंतर 6 महिने थांबायचं असतं, पण दीड वर्षाच्या वर वेगळे असाल, पोटगीचं वगैरे ठरलेलं असेल आणि समेट होणार नाही हे दिसत असेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे कोर्ट तेही माफ करू शकतं. त्याला नाक कापलं जायची भीती आहे ना, मग त्याला हे सांगा की संमतीच्या अर्जात कुणाचाही दोष लिहावा लागत नाही, वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमत नाही, दोघांनी मिळून ठरवलंय, बस्स. सुनावणी बंद दाराआड होते, आणि त्यातलं छापायला याच कायद्याच्या कलम 22 ने बंदी आहे. तुमच्याकडून ऐकणार नसेल तर ज्याचा शब्द तो मोडत नाही अशा एखाद्या मामा-काकांना हे समजावून त्याच्याकडे पाठवा.