माजी आमदार असलेल्या वकिलाची समाजसेवा खरी की दिखाऊ, हे कसं ओळखायचं?

तुमच्या गावचे वकीलसाहेब माजी आमदार आहेत, त्यांच्या कार्य अहवालात समाजसेवेची दोन पानं आहेत, त्यातलं खरं किती धरायचं, असं विचारलंय. असा अहवाल मी स्वतः टाइप केलाय, म्हणून लिहितो.

वकिलीची सनद मिळाल्यावर मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर होतो. तेही माजी आमदार. साहेब उलटतपासणीला उभे राहिले की इतर वकील आपली कामं टाकून ऐकायला यायचे. पण तिकीटवाटप जवळ आलं की मला हाक, "अहवालाचं बघा जरा." रक्तदान, चष्मेवाटप, मोफत कायदा सल्ला. अशाच एका शिबिरात एक विधवा आजी आल्या. दीर जमिनीत हिस्सा देत नव्हते. साहेबांनी फोटोपुरता सातबारा हातात धरला आणि "ऑफिसला या" म्हणाले. आजी तीनदा आल्या, बाहेरच्या बाकड्यावर बसून गेल्या. चौथ्यांदा मीच त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. (1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. शिबिरात हे कुणी सांगितलं नव्हतं.) पॅनेलवरच्या वकीलबाईंनी वाटपाचा दावा लावला, सहा वर्षांनी हुकूमनामा झाला. अहवालात मात्र त्याआधीच फोटोखाली ओळ आली, 'निराधार महिलेस न्याय मिळवून दिला'. टाइप मीच केली होती.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा, त्यामुळे हे जास्तच झोंबतं. आमचे आबासाहेब, गणपतराव देशमुख, तेही वकील. 1962 पासून अकरा वेळा आमदार. आमदार असूनही एसटीनं फिरायचे. त्यावर आमचे दाजी दर दिवाळीला म्हणतात, "एसटीनं फिरलं म्हणून तालुक्याचं पोट भरतं का?" दाजी, एसटी राहू द्या बाजूला. कापूस न पिकणाऱ्या दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी कुणी उभी केली? टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीनं आटपाडीला भरणाऱ्या दुष्काळग्रस्तांच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं कोण उभं राहिलं? आबासाहेब 1972ला पडले, 1995लाही पडले. पडल्यावर माणूस कुठं दिसतो ते बघायचं असतं. 1995च्या पराभवानंतरही पाणी परिषद त्यांनी सोडली नाही. पाणी यायला उशीर झाला हे मान्य, पण तो हिशेब मुंबईत बसून खातं वाटणाऱ्यांकडे मागा.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर अहवालातल्या तारखा बघा. सगळी शिबिरं निवडणुकीच्या आधीच्या वर्षातली असतील तर पुढं वाचायची गरज नाही. आणि वकिलाच्या कारकुनाला गाठा. फी न घेता किती वकीलपत्रं दाखल झाली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर साहेबांवर अन्याय होईल. ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यात फिर्यादीच्या घरच्यांसाठी ते सरकारी वकिलांच्या मदतीला चार वर्षं पदरमोड करून उभे राहिले. आरोपी त्यांच्याच भावकीतले. हे अहवालात घालू का, असं मी एकदा विचारलं. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "वेडा आहेस का? मतं जातील."

ती फाईल अजून माझ्याकडे आहे.